जुन्या यंत्रावर नवा पडदा : गेम बॉयच्या दृश्यपटलातील बिघाड आणि त्यांचा माग

निन्टेंडो या जपानी कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय हे हातात धरून खेळण्याचे यंत्र जपानमध्ये विक्रीस आणले आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर ते उत्तर अमेरिकेत पोहोचले. गुनपेई योकोई या अभियंत्याच्या विभागात घडलेल्या या यंत्राचा पडदा त्या काळाच्या मानानेही साधाच होता : रुंदीला १६० आणि उंचीला १४४ ठिपके, हिरवट राखी रंगाच्या चार छटा, आणि स्वतःचा प्रकाश मुळीच नाही. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा आणि १९९० मधील सेगा गेम गिअरचा पडदा रंगीत होता व मागून उजळलेला होता. परंतु त्या यंत्रांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत, तर गेम बॉय चारच सेलांवर त्याच्या कित्येक पट वेळ चाले. पुरते पारखलेले आणि म्हणूनच स्वस्त झालेले तंत्रज्ञान नव्या उपयोगाला लावावे, हा योकोईचा कायमचा आग्रह होता, आणि गेम बॉयमध्ये त्याने पडद्याचा उजेड सोडून देऊन सेलांचे आयुष्य मिळवले.

हा जुना सौदा येथे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की आज या यंत्राला मागून उजेड देणारा किंवा त्याचा पडदाच बदलून टाकणारा प्रत्येक हौशी कारागीर नेमका तोच सौदा मोडत असतो. असा बदल केल्यानंतर चित्र न दिसणे, चित्रात रेघा येणे, ते लुकलुकणे किंवा उलटे होणे असे जे बिघाड उद्भवतात, त्यांचा दोष सहसा नव्या भागाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा नवा भाग निर्दोष असतो आणि तीस-पस्तीस वर्षे थोड्या प्रवाहावर निभावून नेणारी जुनी जोडणी नव्या मागणीपुढे अपुरी पडलेली असते. त्यामुळे बिघाड शोधायचा तर पडद्याकडे पाहून भागत नाही. सेलापासून ठिपक्यापर्यंतचा सगळा मार्ग समजून घ्यावा लागतो.

मूळ पडदा द्रवस्फटिकाचा आहे. काचेच्या दोन पातळ तबकड्यांमध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा पातळ पापुद्रा, चिकटवलेला असतो. थरातील रेणू पिळाच्या रचनेत मांडलेले असल्यामुळे त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते. विजेचा दाब दिला की रेणू सरळ होऊ लागतात, ते फिरणे कमी होते आणि तो ठिपका काळा दिसू लागतो. मागच्या पोलरायझरला प्रकाश परतवणारा एक थर जोडलेला असल्याने खोलीतला उजेडच पडद्यात शिरून, मागे आपटून, पुन्हा डोळ्यांकडे येतो. नव्वदच्या दशकात भारतीय बाजारात घरोघरी पोहोचलेल्या ‘ब्रिक गेम’मध्ये ठोकळ्यांच्या जागा कारखान्यातच काचेवर कोरून ठरवलेल्या असत, गेम बॉयमध्ये मात्र २३,०४० ठिपक्यांपैकी कोणताही ठिपका कोणत्याही क्षणी हवा तसा रंगवता येतो, आणि त्यासाठी काचेवर १६० उभ्या व १४४ आडव्या पारदर्शक तारा कापडातल्या ताण्याबाण्यासारख्या एकमेकींना छेदत गेलेल्या असतात. आडव्या तारा वरून खाली एकेक करून जाग्या केल्या जातात आणि त्या त्या क्षणी उभ्या तारांवर त्या ओळीचे चित्र ठेवले जाते. हे चक्र सेकंदाला सुमारे ५९.७ वेळा पूर्ण होते.

या तारांपर्यंत चित्र पोहोचवणारा मार्गही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सेल, मुख्य संगणकीय चिप आणि खेळाच्या कॅसेटची खाच यंत्राच्या मागच्या अर्ध्या भागातील पाटीवर असते; पडदा, बटणे, स्पीकर आणि लाल दिवा पुढच्या पाटीवर असतो; आणि या दोहोंना एकवीस तारांची एक चपटी पट्टी जोडते. मागच्या भागातच एक छोटी वेगळी पाटी सेलांच्या ६ व्होल्टपासून दोन दाब तयार करते : सगळ्या चिपांसाठी ५ व्होल्ट, आणि केवळ द्रवस्फटिकासाठी उणे १९ व्होल्टच्या आसपासचा दाब. डाव्या कडेचे गडदपणा कमी-जास्त करणारे चाक या दुसऱ्या दाबावर हुकमत चालवते. उणे दाब नाहीसा झाला तर यंत्र व्यवस्थित चालते, आवाज येतो, बटणेही काम करतात, पण पडदा कोरा राहतो आणि चाक कितीही फिरवले तरी त्यावर काही उमटत नाही. बदल करताना तार ओढली गेल्याने किंवा कपॅसिटरच्या पायाशी चुकून सोल्डरचा डाग पसरल्याने हा दाब गमावलेला असतो, आणि तो मल्टिमीटरने मोजून पाहण्याआधी नवा पडदा मागवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

तपासाची खरी सुरुवात मात्र मल्टिमीटरच्याही आधी, कानाने करावी. गेम बॉय सुरू होताना त्याच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला, अवघ्या २५६ बाइटांचा एक प्रारंभिक कार्यक्रम चालतो. तो कॅसेटमधून कंपनीच्या नावाचे चित्र वाचतो, ते पडद्याच्या वरच्या कडेकडून मध्यापर्यंत सरकवत आणतो, दोन स्वरांची ओळखीची घंटा वाजवतो, आणि त्यानंतरच ते चित्र आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. कॅसेट घातलेलीच नसेल तर वाचायला काहीच नसल्याने नावाच्या जागी एक सलग काळा आयत खाली सरकतो, घंटा वाजते आणि यंत्र तेथेच थांबते. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे, कारण कॅसेट काढून ठेवून यंत्र सुरू केले की कॅसेटचे सगळे दोष बाजूला पडतात आणि पडद्यासाठी एक तयार कसोटी-चित्र मिळते. घंटा ऐकू आली आणि काळा आयत स्वच्छ दिसला, पण कॅसेट घातल्यावर नाव विस्कटलेले दिसते, तर दोष पडद्यात नसून कॅसेटच्या किंवा खाचेच्या मळलेल्या धातूच्या पट्ट्यांत आहे. घंटा वाजली पण काहीच दिसले नाही, तर मुख्य चिप जिवंत आहे आणि शोध पुढच्या पाटीपुरता, पट्टीपुरता व उणे दाबापुरता उरतो. घंटाही नाही आणि लाल दिवाही नाही, तर पडद्याचा विचारच सध्या सोडून देऊन वीजपुरवठ्याकडे वळावे.

वीजपुरवठ्याकडे वळण्याचे हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. मूळ यंत्राची नोंदलेली गरज ६ व्होल्टवर ०.७ वॅट, म्हणजे शंभरापेक्षा थोडे अधिक मिलिअँपिअर, इतकीच होती. मागून उजळणाऱ्या पट्ट्यात एलईडी असतात आणि नव्या पद्धतीच्या आयपीएस पडद्यात एलईडींखेरीज चित्राचे रूपांतर करणारी एक स्वतंत्र चिपही असते. हे सारे त्याच सेलांतून, त्याच जुन्या स्विचमधून आणि त्याच स्प्रिंगांमधून आपला वाटा घेतात. मळलेल्या स्विचचा विरोध एक ओहम आहे असे धरले, तर १०० मिलिअँपिअर प्रवाहाला त्यात ०.१ व्होल्टची गळती होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रवाह ३०० मिलिअँपिअर झाला की गळती ०.३ व्होल्ट होते, आणि पडद्याचा उजेड वाढवला की एलईडी अधिक प्रवाह ओढतात, दाब आणखी खाली जातो व यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू होते. बदल करण्यापूर्वी यंत्र बिनतक्रार चालत होते, म्हणून जुना भाग निर्दोष, हा युक्तिवाद येथे फसतो. स्विच पूर्वीही तेवढाच मळलेला होता, फक्त त्याच्याकडे कोणी एवढे मागितले नव्हते.

याची खातरजमा सोपी आहे. यंत्र चालू असताना प्रथम सेलांच्या टोकांवर आणि नंतर स्विचच्या पलीकडे दाब मोजावा. दोन आकड्यांत लक्षणीय फरक आढळला तर दोषाची जागा सापडली. स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून, सेल काढलेल्या अवस्थेत, तो पुष्कळ वेळा मागेपुढे सरकवला की आतल्या पट्ट्यांवरचा गंज व मळ बहुधा घासून निघतो. तेवढ्याने भागले नाही तर स्विच बदलावा लागतो. घराघरांत गंजावर मारले जाणारे तेलकट फवारे येथे वापरू नयेत, कारण मागे राहणारे तेल धूळ धरून ठेवते. सेलांच्या कप्प्यातील स्प्रिंगांवर पांढरट किंवा हिरवट खरपुडी दिसली तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची असते; ती अल्कधर्मी असल्याने व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने आधी मारावी आणि मग अल्कोहोलने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. पुन्हा पुन्हा भरता येणारे निकेल-धातू-हायड्राइड सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चारांचे मिळून ४.८ व्होल्ट भरतात. त्यामुळे एरवी चालून जाणारा किरकोळ विरोधही अशा सेलांवर लवकर जाणवतो. पडद्याचा उजेड वाढवला की स्पीकरमधून बारीक गुणगुण येऊ लागते, तीही याच कुळातली तक्रार असून उजेडाच्या चिपचा धडधडता प्रवाह ध्वनीच्या तारांत मिसळत असल्याचे ती सांगते.

वीज ठीक असल्याचे सिद्ध झाले की मग बिघाडाचा आकार वाचायला घ्यावा, आणि मूळ काच राखून तिच्या मागे उजेड बसवलेल्या यंत्रात हा आकार आश्चर्य वाटावे इतका बोलका असतो. हे काम करताना मागचा परावर्ती थर पोलरायझरसकट खरवडून काढावा लागतो आणि त्या जागी नवा पोलरायझर व उजळणारा पट्टा सरकवावा लागतो. त्यासाठी काच पाटीवरून किंचित उचलावी लागते, आणि सर्वाधिक इजा होते ती नेमकी याच क्षणी. काचेवरच्या पारदर्शक तारांना डाग देता येत नाही. म्हणून वाहक कण मिसळलेल्या डिंकाने, उष्णता व दाब देऊन, लवचीक पट्ट्या काचेच्या कडेला चिकटवलेल्या असतात. वयोमानाने सुकलेला हा डिंक काच उचलताना जागोजागी सुटतो. खालच्या कडेच्या पट्टीचा एक धागा सुटला की एक उभी तार मुकी होते आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक कोरी उभी रेघ दिसते. बाजूच्या पट्टीवर तसे झाले तर रेघ आडवी येते. अनेक उभ्या रेघांचा पुंजका एका बाजूला आलेला असेल तर पट्टीचा तेवढा टप्पा उचकटला आहे असे समजावे.

उभ्या रेघांवरचा उपाय बऱ्याच कारागिरांना साधतो. पट्टी जेथे चिकटलेली आहे त्या कडेवरून माफक तापवलेली सोल्डरिंगची सळई हलक्या दाबाने, कोठेही न थांबता, यंत्र चालू ठेवून फिरवली, की डिंक मऊ होऊन धागे पुन्हा तारांवर बसतात आणि रेघा एकेक करून नाहीशा होताना दिसतात. कसोटी-चित्राचा काळा आयत पडद्याच्या मधल्याच भागात असतो. म्हणून या कामासाठी सबंध पडदा गडद करणारा खेळ लावणे किंवा गडदपणाचे चाक शेवटपर्यंत फिरवणे सोयीचे पडते. हात घाईचा असेल किंवा सळई अति तापलेली असेल तर पट्टी जळते, आणि ती जळल्यावर काच बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. आडव्या रेघांच्या बाजूला हाच प्रयोग पुष्कळ कमी वेळा यशस्वी होतो, हे सुरुवातीसच मान्य करून कामाला लागावे.

मागून उजेड दिल्यावर चित्र फिकट दिसते, कारण हा पडदा परतणाऱ्या प्रकाशासाठी जुळवलेला आहे : पूर्वी प्रकाश द्रवस्फटिकातून दोनदा जात असे, आता एकदाच जातो. त्यावर काढलेली युक्ती चतुर आहे. मागचा नवा पोलरायझर ९० अंशांनी फिरवून बसवला की सगळे चित्र निगेटिव्हसारखे उलटते आणि काळा अधिक दाट होतो. मग पडद्याकडे जाणारी चित्राची माहितीही एका छोट्या चिपने उलटवली की चित्र सुलटते, पण दाटपणा तसाच राहतो. प्रत्येक ठिपक्याची छटा दोन तारांवरून जाते, एक वरचा अंक वाहणारी आणि एक खालचा, आणि चिपने दोन्ही उलटवायला हवेत. म्हणून चुकीचे रूप पाहून चूक कोणती ते सांगता येते. चित्र पूर्ण निगेटिव्ह दिसते, तर पोलरायझर फिरवला आहे पण चिप मुळीच काम करत नाही, किंवा चिप ठीक असून पोलरायझर जुन्याच दिशेने बसला आहे. चित्र ओळखू येते, पण कोरी पार्श्वभूमी हलकी राखी झाली आहे, हलका राखी पांढरा झाला आहे आणि सर्वांत गडद भाग व त्याच्या अलीकडचा भाग यांची अदलाबदल झाली आहे, तर वरचा अंक उलटतो आहे आणि खालच्या अंकाची तार चिपला वळसा घालून थेट जाते आहे. चित्र ढोबळमानाने निगेटिव्ह असून छटांच्या याच जोड्या आपापसांत बदललेल्या आहेत, तर नेमके याच्या उलट घडले आहे. चारच छटा असल्याने हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत मांडता येतो, आणि मांडून पाहिल्यावर चिपच्या कोणत्या पायाचा डाग पुन्हा द्यायचा ते सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज राहत नाही. चार छटांऐवजी दोनच दिसत असतील, तर एक तार कापलेलीच राहिली आहे किंवा शेजारच्या पायाशी जुळली आहे.

जुनी काच काढून आयपीएस पडदा बसवल्यास बिघाडांची जात बदलते. येथे उणे दाबाचे काम उरत नाही, काचेच्या कडेचा डिंकही उरत नाही. चित्र एका स्वतंत्र चिपकडे जाते आणि ती ते मोठे करून नव्या पडद्यावर मांडते. पांढराशुभ्र उजळलेला पण चित्रविरहित पडदा दिसला तर वीज पोहोचते आहे आणि माहिती पोहोचत नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे; अशा वेळी चपट्या पट्टीचे टोक खाचेत तिरके गेले आहे का, आणि तिला धरून ठेवणारा बारीक अडसर पुरता खाली दाबला गेला आहे का, हे प्रथम पाहावे. पट्टी एका घराने सरकली तरी चित्र तुटक होते आणि प्रसंगी वीज भलत्याच तारेवर जाऊन इजा होते, म्हणून सेल घालण्यापूर्वीच ती भिंगाखाली पाहणे शहाणपणाचे आहे. नव्या पाटीच्या मागे उघडे धातूचे ठिपके असतात. ते जुन्या पाटीला टेकू नयेत म्हणून मध्ये उष्णता सोसणारी पिवळी पॉलिइमाइड चिकटपट्टी लावतात, आणि ती न लावल्याने यंत्र उघडे असताना उत्तम चालते व जोडल्यावर बंद पडते.

काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात, आणि त्यांच्यावर वेळ खर्च करणाऱ्यांची संख्या पाहता त्या स्पष्ट सांगायला हव्यात. जुन्या यंत्राचे चित्र सेकंदाला ५९.७ वेळा बदलते आणि नवा पडदा स्वतःच्या ६० च्या गतीने चालत असेल, तर हलत्या दृश्यात अधूनमधून चित्र एका रेषेवर फाटल्यासारखे दिसते. तो दोन गतींमधला फरक आहे. १६० बाय १४४ ठिपक्यांचे चित्र तिपटीने मोठे केले तर ४८० बाय ४३२ आणि चौपटीने ६४० बाय ५७६ होते. पडदा अशा पूर्ण पटीत बसत नसेल तर काही ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जाड दिसतात आणि दृश्य सरकताना लाटा उठल्यासारखे वाटते. मूळ द्रवस्फटिक फार आळशी होता, त्यामुळे एका आड एक चक्रात दाखवलेली आकृती त्यावर अर्धपारदर्शक भासे, आणि खेळ रचणाऱ्यांनी सावली किंवा धूर दाखवण्यासाठी या आळसाचाच उपयोग करून घेतला; चपळ आयपीएसवर तीच आकृती उघडउघड लुकलुकते. लागोपाठची दोन चित्रे मिसळण्याची सोय काही नव्या पाट्यांत असते आणि ती चालू केली की मूळ रचनाकाराचा हेतू पुन्हा दिसू लागतो. २००१ मधील गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या बाबतीत हेच रंगांना लागू पडते : तो पडदाही उजेडाविना होता, म्हणून त्याचे खेळ मुद्दाम भडक रंगांत रचले गेले, आणि उजळ पडद्यावर तो भडकपणा डोळ्यांत भरतो.

एक बिघाड मात्र शेवटी, यंत्र मिटवतानाच जन्माला येतो. नवा पडदा जुन्यापेक्षा बहुधा मोठा असल्याने कवचाच्या आतल्या प्लास्टिकच्या कडा छाटाव्या लागतात; छाटणी अपुरी राहिली तर स्क्रू घट्ट होताना एखादी कडा पडद्याच्या कोपऱ्यावर दाबते आणि तेथे ढगाळ डाग किंवा उजेडाचा ठिपका उमटतो. म्हणून बाहेरचे त्रिपंखी डोक्याचे स्क्रू एकदम आवळू नयेत. प्रत्येकाला थोडेथोडे फिरवीत, यंत्र चालू ठेवून, पडद्यावर नजर ठेवावी. ज्या स्क्रूच्या शेवटच्या फेऱ्याबरोबर डाग उमटतो किंवा चित्र नाहीसे होते त्याच कोपऱ्यात कडा अडलेली असते किंवा तार चिमटलेली असते, आणि यंत्र पुन्हा उघडून तेवढाच कोपरा कानशीने घासावा किंवा तेवढीच तार दुसऱ्या वाटेने वळवून घ्यावी.